मतपत्रिकेवरचा प्रश्न कोण लिहितं?

गेल्या अंकात पोर्तो रिकोवर एक पान छापलं होतं. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. राज्याचा दर्जा हवा का, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे सातव्यांदा कौल घेतला गेला. त्या पानावर आलेली पत्रं बहुतेक वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या गावांची आहेत आणि जवळपास प्रत्येकात वेगळ्या विदर्भाचा धागा आहे. म्हणून यावेळचं सदर याच एका विषयाला दिलं आहे.

प्रश्न (ता. दर्यापूर, जि. अमरावती): पारावर बसलो का वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघतेच. तुमचं पान वाचलं अन् सगळ्याइले एकच कोडं पडलं. ते लोकं नागरिक हायेत त मत काऊन नाही? अन् त्याइचा खासदार संसदेत बसते का नाही?

उत्तर: नागरिकत्व माणसाला मिळालं, मत मात्र राज्याला बांधलेलं राहिलं. राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी राज्यागणिक ठरतात, संसदेच्या दोन सभागृहांपैकी सिनेटच्या जागा प्रत्येक राज्याला दोन आणि प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागाही राज्यांमध्येच लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जातात. पोर्तो रिको राज्य नाही, ती 'टेरिटरी' आहे, म्हणजे अमेरिकेच्या मालकीचा पण राज्य नसलेला प्रदेश. स्पेनकडून बेट घेतल्यावर १९१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून तिथल्या लोकांना नागरिकत्व दिलं, पण बेटाचा दर्जा तसाच ठेवला.

याचं मूळ ज्या खटल्यात आहे तो संत्र्यांचा होता, हे वरुड-मोर्शीच्या बागायतदारांना वाचायला आवडेल. डाउन्स नावाच्या व्यापारी पेढीने पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला संत्री आणली. बंदरावर त्यांच्याकडून सुमारे ६५९ डॉलर आयात शुल्क घेतलं गेलं. पेढीचं म्हणणं सरळ होतं: बेट अमेरिकेचं झालं, तर देशातल्या देशात माल नेण्यावर शुल्क कसलं? १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पेढीला हरवलं. निकालाचा अर्थ असा की बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण घटनेच्या शुल्काविषयीच्या कलमापुरतं अमेरिकेचा भाग नाही. संत्र्याच्या पेट्यांवरून पडलेली ही रेघ सव्वाशे वर्षं झाली तरी पुसलेली नाही.

खासदाराचं म्हणाल तर एक आहे. त्याला 'रेसिडेंट कमिशनर' म्हणतात आणि त्याची मुदत चार वर्षांची असते. त्याला भाषण करता येतं, विधेयक मांडता येतं, समितीत मतही देता येतं. सभागृहात विधेयकावर शेवटचं मतदान होतं, तेव्हा मात्र त्याचं मत नसतं. आपल्याकडे जेमतेम चौसष्ट हजार वस्तीच्या लक्षद्वीपचा खासदार लोकसभेत पूर्ण मत देतो. पोर्तो रिकोची वस्ती २०२० च्या जनगणनेत ३२ लाख ८५ हजारांवर होती, म्हणजे अख्ख्या अमरावती जिल्ह्याहून जास्त. हाच बेटावरचा माणूस विमानाने फ्लोरिडाला जाऊन तिथला रहिवासी झाला आणि मतदारयादीत नाव घातलं, की त्याला सगळी मतं मिळतात. परत बेटावर राहायला आला की जातात. अपात्रता माणसाची नाही, जमिनीची आहे.

प्रश्न (ता. देवळी, जि. वर्धा): म्हणजे विदर्भाचं आणि पोर्तो रिकोचं दुखणं एकच झालं ना?

उत्तर: नाही. विदर्भातून विधानसभेच्या २८८ पैकी ६२ आणि लोकसभेच्या ४८ पैकी १० जागा निवडून जातात. आपलं मत पूर्ण आहे. आपली तक्रार वाट्याची आणि निर्णय कुठे होतो याची आहे: विदर्भाला न्याय्य वाटा द्यायचं ठरवणारा १९५३ चा नागपूर करार, विकास मंडळांची तरतूद असलेलं घटनेचं कलम ३७१(२) आणि ज्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली ती विकास मंडळं. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं आणि ती शिफारस बाजूला ठेवली गेली, हेही खरं. पण पोर्तो रिकोच्या लोकांना संसदेत मतच नाही. दोन्ही दुखणी एका तराजूत घातली, तर त्यांचा अन्याय लहान दिसतो आणि आपला मुद्दा कच्चा पडतो.

प्रश्न (ता. पुसद, जि. यवतमाळ, पत्रलेखक स्पर्धा परीक्षेची तयारी करतात): नवीन राज्य करण्याची अमेरिकेतली रीत आणि आपलं कलम ३ यांत फरक काय? कोणती वाट सोपी?

उत्तर: अमेरिकी घटनेचं चौथं कलम काँग्रेसला नवीन राज्यं सामील करून घ्यायचा अधिकार देतं. किती लोकसंख्या हवी, कोणती भाषा हवी, अशी अट घटनेत नाही. दोन्ही सभागृहांत साधं बहुमत आणि राष्ट्राध्यक्षांची सही, एवढ्यावर काम होतं. रुळलेला क्रम असा: काँग्रेस परवानगीचा कायदा करते, प्रदेश आपली घटना लिहितो, लोक तिला आणि काँग्रेसच्या अटींना मतदानाने मान्यता देतात, मग राष्ट्राध्यक्ष घोषणा काढतात. पोर्तो रिकोची स्वतःची घटना १९५२ पासून आहेच, त्यामुळे त्यांची एक पायरी बरीचशी झालेली आहे. हवाईच्या बाबतीत मार्च १९५९ मध्ये कायदा झाला, जूनमध्ये लोकांचं मतदान झालं आणि २१ ऑगस्टला राज्य झालं. मनात असलं की सहा महिन्यांच्या आत होतं.

अडतं ते सिनेटमध्ये. तिथे चर्चा थांबवून मतदानाला यायचं तर सिनेटच्या नियमाप्रमाणे १०० पैकी ६० मतं लागतात. पोर्तो रिको राज्य झालं तर दोन सिनेटर नवे येतील आणि प्रतिनिधिगृहात साधारण चार. ४३५ चा आकडा कायद्याने ठरलेला आहे. तो वाढवला नाही तर पुढच्या वाटपात दुसऱ्या राज्यांच्या जागा कमी होतील. ज्यांची जागा जाणार ते हात कसा वर करतील? अलास्का आणि हवाईच्या वेळी आकडा तात्पुरता ४३७ केला होता, तो मार्ग आजही आहे. अलास्काने आणखी एक केलं. १९५६ मध्ये, राज्य होण्याआधीच, आपले सिनेटर निवडून वॉशिंग्टनला पाठवून दिले. १७९६ मध्ये टेनेसीने हीच युक्ती केली होती. बेटाच्या नेत्यांनी तिचा आग्रह धरावा असं आम्हाला वाटतं, कारण दारात उभ्या असलेल्या निवडून आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

आता आपलं. कलम ३ खालचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही. राष्ट्रपती ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवायला पाठवतात आणि मुदत घालून देतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. पुढे विधेयकात बदल झाला तरी ते पुन्हा राज्याकडे पाठवावं लागत नाही, हे द्विभाषिक मुंबई राज्याच्या वेळच्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कलम ४ प्रमाणे ही घटनादुरुस्तीही धरली जात नाही, म्हणून साधं बहुमत पुरतं. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही २ जून २०१४ रोजी तेलंगणा झालं ते याच वाटेने.

अमेरिकेत असलेल्या राज्यातून तुकडा काढायचा तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच. म्हणजे विदर्भ तिथे असता, तर मुंबईच्या होकाराशिवाय पान हललं नसतं. पोर्तो रिकोवर असं कोणतंही राज्य बसलेलं नाही, म्हणून त्यांना ती अडचण नाही. कायद्याने पाहिलं तर दोन्हीकडची वाट मोकळी आहे. अडचण इच्छेची आहे. परीक्षेत हे शेवटचं वाक्य लिहू नका, कलमं लिहा.

प्रश्न (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया): सात वेळा लोकांना विचारलं आणि राज्याच्या बाजूने बहुमतही झालं म्हणता. मग घोडं अडलं कुठे?

उत्तर: या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी नुसते निकाल पाहा. १९६७ मध्ये चालू 'कॉमनवेल्थ' व्यवस्थेला (राज्य न होता अमेरिकेखालीच स्वतःचं सरकार) ६० टक्के मिळाले. १९९३ मध्येही तीच व्यवस्था पुढे राहिली, पण थोडक्यात: ४८ विरुद्ध ४६. १९९८ मध्ये मतपत्रिकेवर 'वरीलपैकी कोणताही नाही' असा रकाना ठेवला होता आणि तोच निम्म्याहून जास्त मतांनी जिंकला!

२०१२ ची मतपत्रिका समोर धरून वाचावी अशी आहे. एकाच कागदावर दोन प्रश्न होते. वरचा: सध्याचा दर्जा असाच राहावा का, हो की नाही? ५४ टक्के लोकांनी नाही म्हटलं. खालचा: राज्य, स्वातंत्र्य की सार्वभौम सहयोगी दर्जा (वेगळा देश, पण कराराने अमेरिकेशी जोडलेला)? इथे राज्याला ६१ टक्के मिळाले आणि तोच आकडा सगळीकडे छापला गेला. पण जवळजवळ पाच लाख लोकांनी खालचा भाग कोराच ठेवला होता. ते कोरे कागद मोजणीत धरले तर ६१ चे ४५ च्या आत येतात. मग खरा आकडा कोणता? दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन वॉशिंग्टनला गेल्या आणि काँग्रेसने दोघांनाही बसवून ठेवलं.

२०१७ मध्ये राज्याला ९७ टक्के मिळाले. ऐकायला भारी वाटतं, पण विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला होता आणि मतदान जेमतेम २३ टक्के झालं. २०२० चा प्रश्न सगळ्यात स्वच्छ होता: राज्य करावं का, हो की नाही? त्यात ५२ टक्क्यांवर 'हो' आलं. आमच्या मते सातांपैकी सगळ्यात भरवशाचा कौल हाच. २०२४ ला राज्य, स्वातंत्र्य आणि सहयोगी स्वातंत्र्य असे तीन पर्याय होते, चालू व्यवस्था पर्यायातच नव्हती. राज्याला ५८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि ज्यांना चालू व्यवस्थाच हवी होती त्यांच्यातल्या अनेकांनी पुन्हा कोरा कागद टाकला.

मराठी माणसाला हे नवं वाटू नये. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानांवर म्हणजे केंद्रशासित राहायचं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. गोव्याचं वेगळं राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. ते राज्य ३० मे १९८७ रोजी झालं, वीस वर्षांनी. पण गोव्याच्या कौलात एक गोष्ट होती जी पोर्तो रिकोच्या एकाही कौलात नाही. तो संसदेच्या कायद्याने घेतला होता आणि त्याचा निकाल दिल्लीने मानला. पोर्तो रिकोत प्रश्न बेटाचंच सरकार लिहितं, दर वेळी सत्तेतला पक्ष आपल्या सोयीने रकाने आखतो आणि उत्तर पाळायला काँग्रेस बांधील नसते. घोडं अडलं ते इथे. डिसेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने २३३ विरुद्ध १९१ मतांनी बंधनकारक कौलाचं विधेयक मंजूर केलं होतं, बहुमत न झाल्यास दुसऱ्या फेरीचीही सोय त्यात होती. सिनेटने ते मतदानाला घेतलंच नाही.

प्रश्न (ता. चिखली, जि. बुलढाणा): बेटावरचे लोक केंद्राचा आयकर भरत नाहीत असं ऐकलं. मग फुकट मत कशाला द्यायचं?

उत्तर: अर्धं खरं आहे. बेटावरच कमावलेल्या उत्पन्नावर बहुतेकांना केंद्राचा आयकर नाही, पण सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचे उपचार) या योजनांसाठी पगारातून कपात होतेच. बदल्यात मिळतं कमी. गरिबांच्या उपचाराच्या मेडिकेड योजनेचा निधी बेटाला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळतो, तर राज्यांना खर्चाच्या प्रमाणात. वृद्ध आणि अपंग गरिबांचं एसएसआय अनुदान तर बेटावर लागूच नाही. न्यूयॉर्कमध्ये हे अनुदान मिळणारा एक माणूस २०१३ मध्ये पोर्तो रिकोला राहायला गेला. पैसे येत राहिले. पुढे सरकारने ते चुकीने दिले म्हणून सुमारे २८ हजार डॉलर परत मागितले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की बेटाला वगळणं घटनेत बसतं. आपली संजय गांधी निराधार योजना राज्याची आहे, म्हणून राज्य सोडलं की ती थांबते, हे समजू शकतं. इथे योजना केंद्राची होती आणि माणूस त्याच देशात होता.

कर्जाचंही तसंच. सत्तर अब्ज डॉलरवर कर्ज झालं, पण राज्यांच्या नगरपालिकांना आणि महामंडळांना दिवाळखोरीचा जो कायदा वापरता येतो, त्यातून १९८४ च्या दुरुस्तीने बेटाला वगळलं होतं. मग २०१६ मध्ये सात सदस्यांचं वित्तीय मंडळ वरून बसवलं गेलं. निवडून आलेले सदस्य जागेवर असताना जिल्हा परिषदेवर प्रशासक नेमावा, तसं. ज्या काँग्रेसने हे केलं तिच्यात बेटाचं एकही मत नव्हतं. राज्य झालं तर आयकर लागेल हे राज्यवाद्यांनी लोकांना स्पष्ट सांगायला हवं. ते लपवणं योग्य नाही.

प्रश्न (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर): तुमचं स्वतःचं मत काय?

उत्तर: जो कायदा माणसावर चालतो, तो करणाऱ्या सभागृहात त्याचं पूर्ण मत असलंच पाहिजे. त्यासाठी राज्य हवं की स्वातंत्र्य, हे बेटाने ठरवावं. स्पॅनिश भाषेची काळजी, १९४८ पासून ऑलिम्पिकला स्वतःचा संघ, २०१६ ला टेनिसमध्ये मिळालेलं पहिलं सुवर्णपदक, हे सोडायला अनेकांचं मन धजत नाही. २०२४ मध्ये गव्हर्नरपदाच्या लढतीत स्वातंत्र्यवादी पक्षाचा उमेदवार दुसरा आला, तेही विसरून चालणार नाही. पण आधी काँग्रेसने कायद्याने लिहून द्यावं की निकाल पाळू. त्याशिवाय आठवा कौल घेणं म्हणजे लोकांना पुन्हा रांगेत उभं करणं.

प्रश्न (ता. कुरखेडा, जि. गडचिरोली): आमच्या ग्रामसभेत वेगळ्या विदर्भाचा ठराव घ्यायचा आहे. त्याला किंमत आहे का? कसा लिहावा?

उत्तर: कलम ३ मध्ये ग्रामसभेला जागा नाही, त्यामुळे कायद्याचं वजन नाही. राजकीय वजन आहे, पण ठराव नीट घेतला तरच. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, झाली आहे ना ते आधी पाहा. एका ठरावात एकच मागणी ठेवा. 'वेगळं राज्य द्या आणि धानाला बोनस द्या' असं एकत्र लिहिलं की हात कशासाठी वर झाला ते कुणालाच सांगता येत नाही. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे तिन्ही आकडे कार्यवृत्तात लिहा. 'सर्वानुमते' लिहून मोकळं होऊ नका. विरोध नोंदवलेला ठराव जास्त खरा वाटतो. सूचक आणि अनुमोदकाचं नाव, ठराव क्रमांक, तारीख घाला. प्रत आमदारांना द्या आणि विधानसभेत अशासकीय ठराव मांडण्याची लेखी मागणी करा. खासदारांनाही विधेयकाऐवजी ठरावच मागा, कारण विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. पोच घ्यायला विसरू नका.