डाकोटासारख्या जुन्या विमानांचा पंखा इंजिन सुरू करण्याआधी हाताने का फिरवतात? स्टार्टर असतो ना?

स्टार्टर असतो, तरीही फिरवावाच लागतो. जुन्या विमानांच्या व्हिडिओंत माणसं पंखा ढकलताना दिसतात, ते इंजिन चालू करणं नव्हेच. त्या वेळी इग्निशन बंद असतं. खालच्या सिलेंडरांत ऑइल साचलंय का, हे हाताला कळावं म्हणून ती ढकलाढकली.

डाकोटाचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०, हवेने थंड होणारं रेडियल. क्रँकशाफ्टभोवती सात-सातच्या दोन ओळींत १४ सिलेंडर. गोलात मांडायचे म्हटल्यावर खालचे काही डोकं खाली करूनच लटकणार. मोटारीत ऑइल निथळून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जातं आणि तिथेच राहतं. इथे इंजिन बंद झालं की क्रँककेसमधलं ऑइल खालच्या पिस्टनांवर येतं आणि रिंगांच्या फटींतून झिरपत हेडमध्ये उतरतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असेल तर बाहेर ठिबकतं. सुरू करताना धुराचे लोट निघतात ते त्याचेच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले की साचत जातं.

किती साचलं तर घात? एका सिलेंडरमध्ये पिस्टन सुमारे २.१४ लिटर जागा व्यापतो आणि कॉम्प्रेशन रेशो (आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) ६.७ आहे. म्हणजे पिस्टन टोकाला गेल्यावर हेडमध्ये उरते जेमतेम ३७५ मिली जागा. तेवढं ऑइल भरलं की पिस्टन टोकाला पोचूच शकत नाही, कारण ऑइल दबत नाही. याला हायड्रॉलिक लॉक म्हणतात. निम्मं भरलं तर अडत नाही, पण त्या एका सिलेंडरचा रेशो बाराच्या वर जातो, आणि तेही वाईटच.

स्टार्टरच्या क्लचला घसरायची सोय असते, त्यामुळे नुसत्या स्टार्टरने दर वेळी मोडतोड होईलच असं नाही. खरा दणका बसतो तो दुसरा सिलेंडर पेटतो तेव्हा. त्याची ताकद आणि फिरत्या पंख्याचा जोर मिळून अडलेला पिस्टन रेटतात आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन तिथल्या तिथे फुटलं तर परवडलं म्हणायचं. रॉड किंचितच वाकला तर इंजिन सुरू होतं, बरं चालतंही, आणि काही तासांनी हवेत तो रॉड तुटतो.

आता पद्धत. दोन्ही मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी यंत्रं) बंद, मिक्स्चर आयडल कट-ऑफवर (म्हणजे पेट्रोल बंद), थ्रॉटल बंद, चाकांना ठोकळे. तरी पंखा जिवंत आहे असंच समजायचं, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही ठिणगी पडते. इंजिन गरम असताना तर हात लावूच नये. पात्याला बोटं न गुंडाळता तळहाताने, फिरायच्याच दिशेने, सावकाश ढकलायचं.

किती पाती ढकलायची? प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकदा यायला क्रँकचे दोन फेरे लागतात. आर-१८३० चं रिडक्शन गिअर १६:९ आहे (क्रँकचे १६ फेरे झाले की पंख्याचे ९), म्हणजे पंख्याचा सव्वा फेराही नाही. तीन पात्यांच्या पंख्याला चार पाती मोजली की झालं. हा किमान हिशोब. इनटेक पाइपात अडकलेलं ऑइल नंतर ओढलं जातं, म्हणून नऊ-बारा पाती ढकललेली बरी. त्या विमानाच्या मॅन्युअलात आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा.

कॉम्प्रेशन हाताला स्प्रिंगसारखं लागतं, आणि जोर तसाच धरून ठेवला तर हवा फुसफुसत निसटते, पातं पुढे सरकतं. लॉक मात्र ठाम अडतं. अडलं की थांबायचं. तिघा-चौघांनी मिळून एक पातं रेटणं हा शुद्ध वेडेपणा: साडेतीन मीटरच्या पंख्याची तरफ एवढी लांब असते की रॉड हातानेही वाकवता येतो.

उलटं फिरवून सोडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. अडलेलं सुटतं, पण ऑइल उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून पाइपात जाऊन बसतं आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर परत आत येतं. या वेळी पंखा वेगात असतो.

बरोबर उपाय कंटाळवाणा आहे. खालच्या सिलेंडरांचा एकेक स्पार्क प्लग काढायचा (हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाच्या नऊ सिलेंडरी आर-१३४० मध्ये ४, ५, ६ आणि ७), खाली ट्रे ठेवायचा, क्रँकचे दोन फेरे सरळ दिशेने द्यायचे. खालच्या इनटेक पाइपांचे ड्रेनही उघडून बघायचे. निघालेल्याचा वास घ्या. पेट्रोल असेल तर प्राइमिंग (सुरू करण्याआधी इंजिनात थोडं पेट्रोल सोडणं) जास्त झालंय किंवा प्राइमर गळतोय. प्लग धुऊन, नवे तांब्याचे वॉशर घालून बसवा आणि पुन्हा सगळी पाती मोजा. आधी कोणी जोर लावल्याचा संशय असेल तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय सुरू करू नये.

हा त्रास फक्त रेडियलचा नाही. टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाच्या जिप्सी मेजर इंजिनाचे चारही सिलेंडर उलटे टांगलेले, तिथेही हेच. एम-४ शर्मन रणगाड्यात नऊ सिलेंडरी आर-९७५ रेडियल होतं. उभा राहिलेला रणगाडा सुरू करण्याआधी सैनिक मागून हँडल घालून इंजिन फिरवत.

दर वेळी ऑइल निघत असेल तर टाकीकडून येणाऱ्या लाइनचा चेक व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना ऑइल अडवणारा) बघा. टाकी उंचावर असते. तो नीट बसत नसेल तर रात्रभरात बरंच ऑइल क्रँककेसमध्ये उतरतं. काही जण त्यावर हाताने बंद करायचा कॉक बसवतात. तो उघडायला विसरलं की इंजिन कोरडं फिरून बेअरिंग जातात. बसवायचाच असेल तर कॉक बंद असताना स्टार्टर चालणार नाही असा इंटरलॉक जोडूनच बसवा.