माळवदाचा गारवा पॅनेलच्या घरात मिळेल का?

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न

ताई, मी निवृत्त शिक्षक, राहणार मूर्तिजापूर. जानेवारीत लेकीकडे अमेरिकेत मॅडिसनला होतो. बाहेर उणे वीस, आणि घरात आम्ही नुसत्या सदऱ्यावर! जावई म्हणाले, भिंती विटांच्या नाहीत, फोम भरलेल्या पॅनेलच्या आहेत. आमच्या प्लॉटवर असंच घर बांधलं तर मे महिन्यातली आग बाहेर राहील का? आमचे मिस्त्री म्हणतात, "सर, थर्माकोलच्या घरात राहता का आता?"

सर, तुमची लेक राहते त्याच गावात या पॅनेलची सुरुवात झाली. मॅडिसनच्या सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेनं १९३०च्या दशकात लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवून भार पेलणाऱ्या भिंती करून पाहिल्या. पुढे १९५२मध्ये मिशिगनमधले वास्तुरचनाकार ऑल्डन डाऊ यांनी मधल्या जागेत फोम भरला. आजचं पॅनेल त्याच घराण्यातलं. दोन्ही अंगांना लाकडाच्या कपच्या दाबून केलेला बोर्ड, मध्ये फोम, आणि तिन्ही थर असे एकजीव चिकटवलेले की वजन तेच पेलतात.

मिस्त्रींना माझ्याकडून एक हिशोब सांगा. सहा इंची स्लॅब उष्णतेला जितकी अडवते, तितकी साडेतीन मिलिमीटरचा थर्माकोल अडवतो. नऊ इंची विटेच्या भिंतीचं काम साधारण एक सेंटिमीटर थर्माकोल करतो. सिमेंट-सळई घर उभं ठेवते, पण ऊन अडवणं तिला जमत नाही. आणि तुमच्याकडे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरपं पडतं, स्लॅबवर सरळ. रात्री दहाला पंखा लावल्यावर अंगावर जी झळ येते, ती दुपारी स्लॅबनं साठवलेली असते.

तरीही सगळं घर पॅनेलचं बांधा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. का, ते सांगायला मला माझ्या गावाकडे जावं लागेल.

मी औसा तालुक्यातल्या माळवदाच्या घरात वाढले. सागाच्या तुळया, त्यांवर किलचण म्हणजे लाकडी तुकड्यांचा थर, वर दीड-दोन फूट पांढरी माती. एप्रिलच्या दुपारी बाहेरून आलं की उंबऱ्याच्या आत पाय टाकल्याबरोबर तळव्यांना गारवा लागायचा. ऊन मातीत शिरायचं, पण आतपर्यंत पोचता पोचता रात्र व्हायची, आणि तोवर आम्ही वर माळवदावर अंथरूण टाकून झोपलेले असायचो. तो गारवा सगळा वजनाचा होता. दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, वजन वाढत जायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तेच वजन मातीत रचलेल्या दगडी भिंतींसकट माणसांवर आलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. ढिगारे उपसायला गेलो होतो. त्या तुळया मी उचलल्या आहेत. हलकं आणि तरीही थंड घर कसं बांधायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे, म्हणून पॅनेलबद्दल मला मनापासून आस्था आहे. हलक्या घराला भूकंपाचा हिसका कमी बसतो.

पण माती ऊन पोटात घ्यायची, पॅनेल ते दारातच थोपवतं. दार उघडं राहिलं तर संपलं. मॅडिसनचं घर हिवाळाभर बंद असतं, आत हीटर चालतो, तिथे पॅनेलसारखी दुसरी चीज नाही. मूर्तिजापुरात माणसं ये-जा करतात, चूल-शेगडी पेटते, कूलर चालवायचा तर खिडकी उघडी लागते. आत आलेली उष्णता मग फोममुळे आतच कोंडते. दिवसभर एसी लावून दारं बंद ठेवणार असाल तरच चारी भिंती पॅनेलच्या करण्यात अर्थ आहे.

तुम्ही पैसे डोक्यावर घाला. भिंती विटांच्या किंवा एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) ठेवा, पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवून वर चांगला रुंद छज्जा काढा. स्लॅब वॉटरप्रूफ करून वर दोन इंच कडक फोमचे बोर्ड, त्यावर कोबा, सगळ्यात वर पांढरी चायना मोझेक, म्हणजे चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे. केंद्राच्या २०१८च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छताची मर्यादा आहे : आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या स्लॅबमधून तीनच्या वर जाते. दोन इंच फोम टाकला की ती साधारण ०.६वर येते. आणि रात्री खिडक्या सताड उघडा. भिंती निवतात.

पुढे वर एखादी खोली काढायची झाली तर ती मात्र पॅनेलची काढा. खालच्या भिंतींवर फारसं ओझं पडत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत उभी राहते. फक्त सांध्यांवर स्वतः उभं राहा. माझी पहिली अशी खोली लातूरला, एका गच्चीवर. एप्रिलमध्ये भर दोनला जाऊन भिंतीवर तळहात ठेवला, छान गार. हात सरकवत कोपऱ्याकडे नेला तर बोटभर रुंदीची एक उभी पट्टी तव्यासारखी तापलेली. दोन पॅनेलमधल्या फटीत फोम मारायला मी सांगितलं होतं. गवंड्यानं सवयीनं सिमेंटचा माल भरला होता. जूनमध्ये पाऊसही त्याच पट्टीतून आत आला. चूक माझी, मी त्या दिवशी साइटवर नव्हते. आता सांधे भरायच्या दिवशी मी दुसरं कुठलंच काम घेत नाही.

देवगडजवळ होमस्टेसाठी दोन खोल्या काढतो आहे. एक पुरवठादार बाहेरून आणलेली लाकडी बोर्डांची पॅनेल घ्या म्हणतो. घेऊ का?

घेऊ नका, दादा. जांभ्याच्या मातीत वाळवी, चार महिने पाऊस, वर खारं वारं. कपच्यांचा बोर्ड एकदा कडेनं ओला झाला की फुगतो, आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. अलास्कात जुनो गावी अशा पॅनेलची छपरं कुजली होती. तिथे तर पाणी पावसाचंही नव्हतं. घरातली दमट हवा सांध्यांच्या फटींतून वर गेली आणि थंड बोर्डावर दवासारखी जमली. तुमच्याकडे एसीची खोली म्हटली की दमट हवा बाहेरून आत यायला बघणार, म्हणजे तोच धोका उलट्या दिशेनं.

सिमेंट फायबर बोर्डाची पॅनेल बघा, आत थर्माकोलचे दाणे मिसळलेलं सिमेंट असतं. इंदूरला केंद्राच्या लाइटहाउस प्रकल्पात, म्हणजे नव्या तंत्रानं घरं बांधून दाखवण्याच्या योजनेत, १,०२४ घरं अशाच सँडविच पॅनेलची बांधली आहेत. जमलं तर एकदा जाऊन बघून या. जोतं चांगलं उंच घ्या, वाळवीचं औषध जोत्यातच मारून घ्या, कारण वाळवी फोम खात नसली तरी त्यात बोगदे करून वर चढते. पाख्या भिंतीबाहेर निदान अडीच-तीन फूट काढा.

पॅनेलमधला फोम पेट घेतो का? घरात लहान मुलं आहेत. — एक गृहिणी, नाशिक

घेतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणून फोम कुठेही उघडा राहता कामा नये : बोर्डच्या जोडीला आतून गिलावा किंवा जिप्सम बोर्ड हवाच. वायरमन बोर्ड कोरून वायर टाकतो आणि भोक तसंच सोडतो, ते त्याच दिवशी बुजवून घ्या. गॅसच्या ओट्यामागची भिंत रॉकवूल भरलेल्या पॅनेलची घ्या, ती दगडाची लोकर असते, जळत नाही. फोम अग्निरोधक प्रतीचा आहे का, याचं चाचणीपत्र मागा. शिवाय एक तुकडा मागून घ्या, मुलांना घरात ठेवा, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून चिमट्यात धरून त्याला काडी लावा. काडी बाजूला घेतल्यावर तो लगेच विझला पाहिजे. जळतच राहिला तर तो माल परत पाठवा.