गलगंडावर किरणोत्सारी आयोडीन: गाठ जाते का, आणि घरात लहान मूल असल्यास काय करावे?

आपल्या आईंना थायरॉईड ग्रंथीचा, अनेक गाठींचा जुना गलगंड आहे, टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; ते फार कमी म्हणजे थायरॉईड जास्त काम करत आहे) जवळजवळ शून्यावर आहे आणि हृदयविकारामुळे शस्त्रक्रिया टाळून किरणोत्सारी आयोडीन सुचवले आहे. त्याने गाठ नाहीशी होईल का आणि दोन वर्षांच्या नातवाला धोका आहे का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, पण अशाच गलगंडासाठी हा उपचार घेतलेला रुग्ण आहे.

गाठ नाहीशी होत नाही. ती आकसते, आणि तेही सावकाश. वाढलेले थायरॉईडचे संप्रेरक काही महिन्यांत आटोक्यात येते, परंतु ग्रंथीचे आकारमान वर्षभरात सुमारे 40 टक्के आणि दोन वर्षांत साधारण निम्मे कमी होते. त्यामुळे आईंचा मुख्य त्रास धडधड आणि वजन घटणे हा असेल तर उपचार योग्यच आहे; श्वासनलिका दबत असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार इतक्यात सोडू नये, कारण सुरुवातीचे काही दिवस ग्रंथी थोडी सुजूही शकते.

थायरॉईड रक्तातले आयोडीन ओढून घेते, त्याबरोबर आयोडीन-131, म्हणजे हे किरणोत्सारी आयोडीनही, आत जाते, आणि त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंतच्या पेशी नष्ट करतात. ज्या गाठी आयोडीन घेत नाहीत त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून आधी स्कॅन, आणि अशा गाठी संशयास्पद वाटल्यास सुईची तपासणी. ग्रंथी बाहेरच्या आयोडीनने आधीच भरलेली असेल तर औषध वाया जाते. आईंच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनमध्ये भरपूर आयोडीन असते आणि ते महिनोन्‌महिने शरीरात राहते. अँजिओग्राफीच्या किंवा सीटी स्कॅनच्या डायचेही तसेच. या दोन्हींची माहिती न विचारताही द्यावी. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये.

प्रत्यक्ष उपचार अगदीच साधा असतो. शिशाच्या जाड भांड्यातून काढलेली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, एवढेच. तंत्रज्ञ तेवढ्यात दोन पावले मागे सरकतो, याचे वाईट वाटून घेऊ नये. आपण मुंबईत असल्याने परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर, जे भाभा अणुसंशोधन केंद्राचे असून 1963 मध्ये सुरू झाले, तेथेही चौकशी करता येईल.

नातवाबाबत काळजी घ्यावीच लागेल. या आयोडीनची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते, आणि बराचसा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. रुग्णालय सांगेल तितके दिवस आईंनी वेगळे झोपावे, मुलाला मांडीवर घेऊ नये, भरपूर पाणी प्यावे आणि दोनदा फ्लश करावे. शक्य असल्यास मुलालाच काही दिवस दुसऱ्या घरी ठेवणे सोपे. समजावून सांगितले तरी ते आजीपासून दूर राहणार नाही.

पुढे थायरॉईड मंदावण्याची शक्यता असते आणि हे कधीकधी काही वर्षांनी घडते, म्हणून टीएसएचची तपासणी आयुष्यभर करत राहावी. मंदावल्यास थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या संप्रेरकाची) गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यावी लागते. आई लवकरच दुबईला जाणार असल्याचे आपण लिहिले आहे. विमानतळावरील किरणोत्सार शोधणारी यंत्रे काही आठवडे वाजू शकतात, तेव्हा तारीख आणि मात्रा नमूद असलेले रुग्णालयाचे पत्र हातातील सामानात ठेवावे.