तुमच्या कामाचा रंग कोणता, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. झालंय, जर्मनीत सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे सजीवांचे जनुक हवे तसे बदलून-जोडून त्यांच्याकडून नवं काम करून घेण्याच्या शास्त्रात, पीएच.डी.ची जागा मिळण्याच्या बेतात आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की तिथल्या लोकांच्या अंगावर ‘जीन’ हा शब्द ऐकूनच काटा येतो. तेव्हा अशा देशात याच विषयाला आयुष्याची चार-पाच वर्षं द्यावीत का, शेजारीपाजारी कसे वागतील आणि पुढे नोकरीचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी गेली अकरा वर्षं हेसेन राज्यात आहे, एन्झाइमवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर, काम करते. व्हिसा, घरभाडं, विमा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. या प्रश्नाबद्दल मात्र मला येण्याआधी कुणीच काही सांगितलं नव्हतं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सिंथेटिक बायोलॉजी हे नाव इथल्या सामान्य माणसाला फारसं ठाऊक नसतं. २०१० च्या युरोबॅरोमीटर या युरोपियन संघाच्या जनमत पाहणीत युरोपातल्या शंभरातल्या ८३ जणांनी हा शब्दच ऐकलेला नव्हता. ‘गेनटेक्निक’, म्हणजे जनुकीय तंत्र, हा जर्मन शब्द मात्र शाळकरी पोरालाही माहीत असतो, आणि तो जड शब्द आहे. त्यात शेतं येतात, मोठ्या कंपन्या येतात, न विचारता ताटात आलेलं अन्न येतं. तुम्ही कितीही बारकाईने समजावलंत, तरी समोरचा तुम्हाला या शब्दाच्या कप्प्यात टाकतो. मी आल्या आल्या एक घर बघायला गेले होते. मालकीणबाईंनी काम विचारलं, मी मोठ्या उत्साहाने ‘गेनटेक्निक’ म्हणाले. त्यांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली आणि विचारलं, “म्हणजे मक्याचं?” मी नाही म्हणाले, पण पुढचं मला तेव्हाच्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगता आलं नाही. ते घर काही मिळालं नाही. कारण तेच होतं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण “म्हणजे मक्याचं?” हा प्रश्न डोक्यात राहिला. त्या प्रश्नातच सगळं उत्तर आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

इथे या तंत्राला रंगांची नावं आहेत. औषधांचं ते लाल, शेतीचं ते हिरवं, कारखान्यातल्या सूक्ष्मजीवांचं ते पांढरं. हे नुसते परिभाषेतले शब्द नाहीत, लोकांच्या मनातही हेच कप्पे आहेत. लाल चालतं. पांढरं बहुतेकांना दिसतच नाही. हिरवं नको. म्हणून कुणी “जर्मन लोक विरोधात आहेत” म्हणालं, की कशाच्या, हे आधी विचारा.

माझ्या शेजारच्या आजींचं उदाहरण देते. ऐंशीच्या घरातल्या, गावाबाहेर त्यांचा बागेचा छोटा तुकडा आहे, तिथे स्वतः भाजी लावतात. रविवारी मला कॉफीला बोलावतात. टेबलावर दुधाची पिशवी असते आणि तिच्यावर हिरवा शिक्का, ‘ओने गेनटेक्निक’, म्हणजे जनुकीय तंत्राविना. तो शिक्का पाहूनच त्या दूध घेतात. केक कापण्याआधी त्या पेनची टोपी काढतात, आकडा फिरवून डोस लावतात आणि पोटाला इन्सुलिन टोचतात. ते इन्सुलिन जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवाकडून बनवून घेतलेलं असतं. एकदा मी हे त्यांना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ते मला माहीत आहे. ते औषध आहे. डॉक्टरांनी मला विचारून दिलं, आणि ते बाटलीतच राहतं. शेतातलं बाटलीत राहत नाही.”

मी यावर खूप विचार केला. आपण विज्ञान शिकलेली माणसं पटकन म्हणतो की ही विसंगती आहे, लोकांना कळत नाही. मला तसं वाटत नाही. त्यांच्या वाक्यात तीन कसोट्या आहेत: फायदा कुणाला, मला विचारलं का, आणि नको झालं तर थांबवता येईल का. इन्सुलिन तिन्हींत उतरतं. शेतातलं बियाणं त्यांच्या दृष्टीने एकाही कसोटीत उतरत नाही. आपल्याकडे बीटी कापूस २००२ पासून शेतात आहे आणि बीटी वांग्यावर मात्र २०१० मध्ये, सात शहरांतल्या जनसुनावण्यांनंतर, स्थगिती आली. तिथेही लोकांनी अंगावरचं आणि ताटातलं यांत फरक केलाच की.

पण लाल रंगालाही इथे पहिल्या दिवसापासून मान होता असं नाही. फ्रँकफर्टच्या हॉएख्स्ट भागातली ही गोष्ट इथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. अमेरिकेत जनुकीय तंत्राने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली. हॉएख्स्ट कंपनीनेही तसं इन्सुलिन बनवायचं ठरवलं, कारखाना उभा केला. रहिवाशांचा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. १९८९ च्या नोव्हेंबरात कासेलच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने काम थांबवलं. कारण असं दिलं की या तंत्राला परवानगी देणारा कायदाच देशात नाही, मग परवानगी कशाच्या आधारावर? पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, जर्मनीचा जनुकीय तंत्रज्ञान कायदा आला. तरीही तिथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला १९९८ उजाडलं. मधल्या काळात इथले रुग्ण बाहेर बनलेलं तेच औषध टोचून घेत होते. आज त्याच परिसरात मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनतं आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. काळ गेला, कायदा आला, आणि लोकांच्या घरात त्या औषधाचा उपयोग दिसला. माझ्या मते या तिन्हींत कायद्याचा वाटा सर्वांत मोठा.

हिरव्या रंगाचं तसं झालं नाही. एमओएन ८१० या जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीवर जर्मनीत २००९ मध्ये बंदी आली. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या जनुक बदललेल्या आम्फ्लोरा बटाट्याला, तो खाण्यासाठी नव्हताच, स्टार्च उद्योगासाठी होता, २०१० मध्ये युरोपची मंजुरी मिळाली. दोन वर्षांत कंपनीने तो बाजारातून काढून घेतला आणि वनस्पती जैवतंत्रज्ञानाचं मुख्यालयच अमेरिकेत हलवलं. गाटर्सलेबेनच्या संशोधन संस्थेतलं जनुक बदललेल्या गव्हाचं प्रायोगिक शेत २००८ मध्ये कार्यकर्त्यांनी उद्ध्वस्त केलं. कुणाची वर्षांची मेहनत अशी तुडवली जावी, हे मला अजूनही सहन होत नाही. पण त्यांचं म्हणणं होतं की पिकांच्या वाणांची मोठी जनुकपेढी याच संस्थेत आहे, तिच्या गव्हाच्या इतक्या जवळ हा प्रयोग नको. कृती चूक, शंका मात्र विचारण्यासारखी होती. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने क्रिस्परसारख्या, जनुकात नेमक्या जागी बदल करणाऱ्या तंत्राने बदललेली पिकंही जुन्याच नियमांखाली येतात असा निकाल दिला, आणि २०२३ मध्ये युरोपियन आयोगाने ते नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा तुमचा प्रकल्प वनस्पतींवरचा असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: प्रयोगशाळेत उत्तम शिकाल, पण शेतात चाचणी घ्यायची वेळ आली की दुसरा देश बघावा लागेल. मार्गदर्शकांना मुलाखतीतच विचारा.

पांढरा रंग माझा आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त जिव्हाळ्याने बोलते. कपड्यांचा साबण कमी तापमानाला डाग काढतो तो एन्झाइममुळे, आणि ती एन्झाइम बहुतांश जनुक बदललेले सूक्ष्मजीव मोठ्या टाक्यांत बनवतात. चीज करताना दूध साकळवणारं कायमोसिन हे एन्झाइमही आता पुष्कळदा वासराच्या जठरातून न येता अशाच टाकीतून येतं, आणि युरोपच्या नियमांप्रमाणे ते वेष्टनावर लिहावं लागत नाही, कारण ते प्रक्रियेत मदत करणारं द्रव्य मानलं जातं. आजींच्या दुधावरच्या शिक्क्याचा अर्थही तपासून बघा. त्या गाईला जनुक बदललेलं सोयाबीन चारलेलं नसतं. पण चाऱ्यात घातलेलं जीवनसत्त्व तशा सूक्ष्मजीवांनी बनवलेलं असलं तरी चालतं. हे कळल्यावर काही लोक फसवलं गेल्यासारखे गप्प होतात. मला ते गप्प होणं विरोधापेक्षा जास्त लागतं. आमच्या क्षेत्राने हे मोकळेपणाने सांगितलं नाही, लेबलाची सक्ती नाही म्हणून विषयच काढला नाही, आणि त्याची किंमत विश्वासात मोजली. तुम्ही तरी असं करू नका.

आमच्या संस्थेत वर्षातून एकदा दार सगळ्यांना खुलं असतं. पहिल्या वर्षी मी लाल चमकणाऱ्या जिवाणूंच्या प्लेटा मांडल्या, मुलं खूश. एका वयस्क गृहस्थांनी प्लेटकडे पाहिलंही नाही. विचारलं, “संध्याकाळी हे कुठे जातं? नाल्यात?” माझ्याकडे चमकणाऱ्या प्रथिनाचं भाषण तयार होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, दाखवला, १२१ अंशांवर वीस मिनिटं, आणि पिशवीवरची ती पट्टी, जिच्यावर तापल्यावर काळ्या रेघा उमटतात. शेजारची वही दाखवली: तारीख, सही, कोणता कचरा. त्यांनी वहीची पाच-सहा पानं उलटली, एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे सही नाही.” खरोखरच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ती कुणाची राहिली ते शोधून काढलं. त्या माणसाइतका चांगला परीक्षक मला पुन्हा भेटला नाही.

त्यामुळे एक गोष्ट मनावर घ्या: इथे सुरक्षेचं कागदकाम हा कामाचाच भाग आहे. प्रयोगशाळांचे धोक्यानुसार एस १ (सर्वांत कमी) ते एस ४ असे स्तर असतात, तुम्ही बहुधा एस १ मध्ये असाल. दर वर्षी सुरक्षेची माहिती ऐकून सही करायची, कोणता जीव, कोणता जनुक, कुठून आला, सगळं नोंदवायचं. निघताना मित्राने दिलेला प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारा डीएनएचा छोटा गोल) किंवा जिवाणूचा नमुना सामानात टाकून आणू नका, कितीही निरुपद्रवी असला तरी. तो संस्थेमार्फत, नोंदीसह मागवायचा असतो. घरी क्रिस्परचा संच आणून प्रयोग करायचा तर विचारच सोडा. परवानगी असलेल्या प्रयोगशाळेबाहेर जनुकीय बदल करणं इथे बेकायदा आहे आणि दंड ५०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो, असं संबंधित केंद्रीय कार्यालयाने २०१७ मध्येच जाहीर केलंय.

कोविडच्या लशीबद्दल बोललं नाही तर चित्र अपुरं राहील. माइन्झच्या बायोएनटेकची एमआरएनए लस २०२० च्या डिसेंबरात आली, कंपनीचे संस्थापक उगुर शाहीन आणि ओझलेम ट्युरेजी ही नावं घराघरांत पोचली. इथे जन्म घेतलेलं शास्त्र जगाच्या उपयोगी पडलं याचा लोकांना मनापासून अभिमान होता. त्याच महिन्यांत रस्त्यांवर लशीविरुद्ध मोर्चेही निघत होते. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबात भाऊ-बहीण अजून नीट बोलत नाहीत. म्हणजे लाल रंगही कायमचा निर्धोक नाही. सक्तीची नुसती चर्चा सुरू झाली तरी “मला विचारलं का” हा प्रश्न पुन्हा वर येतो.

रोजच्या जगण्यात तुम्हाला त्रास होईल का? मला कधी कुणी अपमानास्पद बोललं नाही. प्रश्न मात्र थेट येतात, वाढदिवसाच्या पार्टीतही. तेव्हा जर्मन शिका, संस्थेत इंग्रजीवर भागतं तरीही. आता मला कुणी काम विचारलं की मी म्हणते, “कमी गरम पाण्यात कपडे धुता यावेत म्हणून एन्झाइम बनवते, त्यासाठी जिवाणूंचे जनुक बदलते, आणि ते जिवाणू प्रयोगशाळेबाहेर जात नाहीत.” तिन्ही भाग, याच क्रमाने, मधला भाग न गाळता. पुढे ते विचारतात आणि मी सांगते.

आणि विषय म्हणून म्हणाल, तर जागा फार चांगली आहे. मारबुर्गला टोबियास एर्ब या शास्त्रज्ञाच्या गटाने २०१६ मध्ये निसर्गात नसलेलं कार्बन डायऑक्साइड पकडणारं चक्र १७ एन्झाइम जोडून परीक्षानळीत चालवून दाखवलं. त्याबद्दल गावातल्या व्याख्यानाला बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उत्सुकता होती.

तुम्हाला प्रकल्पाचं एकपानी वर्णन आलं असेलच. त्यात जीव कोणता आणि तो शेवटी कुठे जाणार, टाकीत, रुग्णाकडे की मातीत, एवढं मला कळवा, म्हणजे पुढच्या नोकऱ्यांबद्दल नेमकं सांगता येईल.