अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकं का सापडत नाहीत?

दक्षिण आशिया अभ्यासात एम.ए. करताय, विषय महाराष्ट्रातली शेतकरी चळवळ, आणि ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये मराठी नाव टाकलं की शून्य निकाल येतात, असा तुमचा प्रश्न आहे. घाबरू नका, पुस्तकं बहुधा तिथेच आहेत. अमेरिकन गव्हाचे पैसे भारताने रुपयांत दिले आणि पीएल-४८० कायद्याखालच्या त्या रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं तिथल्या विद्यापीठांकडे जाऊ लागली. नोंदी मात्र रोमन लिपीत झाल्या. जुन्या नोंदींत देवनागरी नाहीच, म्हणून देवनागरी टाइप करून हाती काही लागत नाही.

रोमन स्पेलिंगही आपण मोबाइलवर लिहितो तसं चालत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची पद्धत शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. प्रत्येक व्यंजनातला 'अ' लिहायचा, शब्दाच्या शेवटचासुद्धा. 'च'ला नुसता सी, 'छ'ला सीएच. 'व'ला कायम व्ही. 'श'ला वर तिरकी रेघ असलेला एस, पण शोधताना साधा एस पुरतो; 'ष'ला मात्र एसएच. 'ज्ञ'ला जेएन. 'कृ'मध्ये आय नसतो. अनुस्वार प-फ-ब-भ-म यांच्या आधी एम, बाकी वर्गाक्षरांआधी एन.

म्हणजे 'शेतकरी' हा एस-ई-टी-ए-के-ए-आर-आय. 'चळवळ' हा सी-ए-एल-ए-व्ही-ए-एल-ए. फुल्यांचा 'असूड' शोधताना शेवटी ए विसरलात तर हमखास चुकामूक. आणि 'ज्ञानेश्वरी' डीएनवायने शोधणाऱ्यांची संख्या मोठी आहे!

एक पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर क्लिक करा. शीर्षकं इंग्रजीत असतात, त्यामुळे ज्यांच्या नावांचा अंदाजही आला नसता अशी पुस्तकं तिथे येतात. कपाटासमोर उभं राहून शोधण्यावर विसंबू नका. कमी वापराची मराठी पुस्तकं बऱ्याचदा बाहेरच्या गोदामात असतात. त्याऐवजी कॅटलॉगमध्ये वर्गांकाने, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाने, चाळा: मराठी लेखकांसाठी पीके २४१८, महाराष्ट्राच्या इतिहासासाठी डीएस ४८५.

जुनी भाषा अडली तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश मोफत आहेत. तुमच्या विषयाला पूर्वपीठिका म्हणून मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटिअर्सही बघा. त्यात पिकं, जमीनधारा, सावकारी यांवर भरपूर मजकूर आहे, पण तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेला आहे हे लक्षात ठेवून वाचा.

तुमच्याकडे नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवा. मागणी भरताना नाव वरच्या पद्धतीने लिहा आणि वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या सामाईक कॅटलॉगमधला नोंदणी क्रमांक जोडा, नाहीतर चुकीची आवृत्ती येते. कागद ठिसूळ झालेली प्रत सहसा बाहेर पाठवत नाहीत. अशा वेळी हवं ते प्रकरण स्कॅन करून मागा किंवा मायक्रोफिल्म आहे का ते विचारा. आणि दक्षिण आशियाचे स्वतंत्र ग्रंथपाल तुमच्या विद्यापीठात असतील, तर पहिल्याच महिन्यात त्यांना भेटा. नवी पुस्तकं विकत घ्यायची शिफारस तेच करतात.