चढ लागायच्या आधीच दुसरा गिअर टाक

पेडर रोडच्या चढावर गाडी मेल्यासारखी वाटली म्हणालास ना? तुझ्या डिझेल गाडीला काही झालेलं नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, फिरतो एक्झॉस्टच्या वायूवर. तिसऱ्यात आरपीएम 1500च्या खाली गेले की तेवढा वायूच नसतो; तू कितीही दाब, इंजिन नुसतं घुरघुरतं. मग 1800च्या आसपास एकदम धक्का, आणि समोर टॅक्सीचा बंपर! आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, म्हणून काटा बघण्यापेक्षा कान दे. बारीक शिट्टी ऐकू आली की टर्बो जागा झाला समज.

ओव्हरटेकलाही तेच: आधी गिअर उतरव, मग दाब. उलटं केलंस तर ट्रकच्या बाजूलाच लटकशील.

ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर सरकत राहू नकोस. पुढे गाडीभर जागा होऊ दे, मग पहिल्यात सोड. सायनच्या जॅममध्ये मी एक क्लचप्लेट अशीच जाळली, तो वास अजून नाकात आहे.

एक्सप्रेसवेवर ताणून आलास की लगेच चावी फिरवू नकोस. अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेव, तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतं. गाडी बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) असेल तर अधूनमधून हायवेला मोकळी पळव, नाहीतर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागतो.