वाचकांचे प्रश्न : बुफेत लिबलिबणारी पत्रावळ

प्रश्न : आमचा महिला बचत गट पळसाच्या पत्रावळी यंत्रावर दाबून विकतो. पंगतीत कुणी नाव ठेवत नाही, पण बुफेत लोक म्हणतात, "लिबलिबीत हाये, थर्माकोलवानी नाही." गळत तर नाही. मग बिघडतं कुठं?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : काठात. पंगतीत पत्रावळीला जमिनीचा आधार असतो, बुफेत ती एका हातावर तोलावी लागते. अंगठ्याखाली काठ दबला, की पाव्हणा वाढून घेण्याआधीच तिला कच्ची ठरवतो. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण हाताची सवय अजून तीच.

पानांचे दोन थर द्या. वरच्या थराच्या मधल्या शिरा खालच्यांना आडव्या येऊ द्या आणि पानांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका. पानं सावलीत वाळवा, दाबण्याआधी पाणी शिंपडून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. दुमडल्यावर पान तडकलं तर ते अजून कोरडं आहे. दाबताना वाफ थांबेपर्यंत साचा उघडू नका, घाई केली की काठ परत सपाट होतो. काढल्यावर गठ्ठ्यावर फळी व वजन ठेवून थंड होऊ द्या, मग पूर्ण वाळवून बांधा. ओल राहिली तर बुरशी येते, आणि कुबट वास आलेला माल कितीही टणक असला तरी गिऱ्हाईक परत करतं.

तपकिरी रंग कमीजास्त असला तर चालतो, काळे डाग मात्र मळ वाटतात. ती पानं बाजूला काढा. शिवलेल्या पत्रावळीत काडीची टोकं खालच्या बाजूला ठेवा.

उसाच्या चिपाडाचं ताट हाताला टणक, गुळगुळीत लागतं, म्हणून भाव खातं. पण साध्या ताटात गरम सावजी रस्सा थोडा वेळ राहिला की तळाला तेलाचा डाग उमटतो. रस्सा द्रोणातच द्या. चंदेरी द्रोण नको, त्याचं अस्तर प्लास्टिकचं असतं.

प्रश्न : 'मक्याची' पिशवी मऊ लागते, आवाजही करत नाही. ती कमजोर असते का?
– किराणा दुकानदार, जि. यवतमाळ

उत्तर : मऊपणावरून ताकद कळत नाही. मक्याचा स्टार्च मिसळलेला, कुजणारा माल असाच लागतो. खरी अडचण साठवणीची. उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेली पिशवी जोडावर फाटते, म्हणून थोडीच घ्या, तारीख पाहा. पिशवीवर आयएस १७०८८ (कुजणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक) आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक हवा. उकिरड्यात ती लवकर कुजेल असं गिऱ्हाइकाला सांगू नका. बहुतेक पिशव्या कुजायला ५५–६० अंश सेल्सिअसची, खत कारखान्यातल्या ढिगात असते तशी उष्णता लागते. पीएलएचा (मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकचा) चमचा मात्र साधारण तेवढ्याच तापमानाला नरम पडतो, तो उकळत्या वरणात घालू नका.